‘असेल’ नावाची खूण

३ जानेवारी १९८३, सोमवार

भुवई! एका भुवईवरून काल माझा बाज यादीतून कापला!

ख्रिसमसची पक्षीगणना. दिवसभर तळ्याच्या काठानं गोठत हिंडलो. संध्याकाळी चर्चच्या तळघरात सगळ्यांचं जेवण, आणि नंतर क्लिफर्ड एकेक पक्ष्याचं नाव वाचतो, ज्यानं पाहिला त्यानं हात वर करायचा. दरवर्षीचंच. ‘बाज’ म्हटल्यावर मी हात वर केला. एकट्या माझाच हात. झाडीतून सुसाट गेला होता, राखाडी, चांगला कोंबडीएवढा.

लगेच बर्निस: “भुवई पाहिलीस, टाउनो?”

बाजाला पांढरी भुवई असते हे शेंबडं पोरही सांगेल. पण तो उडत होता की न्हाव्याकडे बसला होता? मी म्हणालो, “पाहिली असेल.”

“‘असेल’ नावाची खूण पुस्तकात नाही.”

अख्खं तळघर हसलं. क्लिफर्डनं पेन्सिल फिरवली आणि वर म्हणतो, “मनाला लावून घेऊ नकोस. हा गोड ‘पाय’ घे आणखी एक तुकडा. भोपळ्याचा आहे.”

भोपळ्याचा ‘पाय’ घेतला. गिळला नाही नीट.

माझी बायको लेम्पी म्हणायची, तुझी काळजी कागदाला सांग आणि मला झोपू दे. ती जाऊन सहा वर्षं झाली. अजून कागदालाच सांगतोय.

४ जानेवारी, मंगळवार

आज एक बाज कापला. उद्या म्हणतील, म्हातारा वाट्टेल ते पाहतो. मग पुढच्या वर्षी मोजणीचा माझा किनारा काढून दुसऱ्याला देतील. मला कुठेतरी कोंबड्या मोजायला बसवतील.

६ जानेवारी, गुरुवार

गुरुवारची कॉफी. क्लिफर्डच्या केशकर्तनालयात, आरशासमोर, नेहमीची मंडळी. मी पोचायच्या आधीच बर्निस आली होती. मी कॉफी ओतून घेतली तोच: “काय टाउनो, आज कोणाकोणाच्या भुवया पाहिल्यास?”

मी साखरेचा खडा दातात धरून बशीतली कॉफी पीत होतो. ठसका लागला.

नंतर तिचा ठरलेला विषय. इंग्लंडहून आलेल्या तिच्या कॉर्निश आजीनं पेस्टीत, म्हणजे त्या जाड करंजीत, कधी गाजर घातलं नाही. सारण मांसाचं, बटाट्याचं, सलगमाचं. बस्स. मग माझ्याकडे, फिनलंडवाल्याच्या पोराकडे, बोट दाखवून: “आणि हे फिन लोक गाजर घालतात! पेस्टीत गाजर घालणाऱ्यानं बाज पाहिला म्हणे!”

तिचं मासे धरायच्या गळांचं दुकान बंद होऊन दहा वर्षं झाली, जीभ अजून उघडीच आहे.

येताना गाडीत एक गोष्ट सुचली. लिहीत नाही. लिहिली तर करावी लागेल.

७ जानेवारी, शुक्रवार

लिहितोच. ससाणा-घुबड!

दिवसा हिंडणारं घुबड. लांब शेपूट, पुढे झुकून बसायची तऱ्हा, लांबून ससाणाच वाटावा. कॅनडातून कधीतरी हिवाळ्यात उतरतं. बर्निसनं तीस वर्षांत एकदाही पाहिलेलं नाही, आणि ते तिला सलतं, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. तिच्या घरापुढच्या दलदलीच्या रस्त्यावर, मेलेल्या स्प्रूस झाडाच्या शेंड्यावर असं एक घुबड बसलं तर? लाकडाचं?

मग ती गुरुवारच्या कॉफीला मिरवणार. तिचं मिरवून होऊ द्यायचं. आणि मग हळूच: “बर्निस, तुझ्या घुबडाच्या बुडात खिळा आहे.”

रेल्वेत जाऊन खांबांवर तारा ओढण्यापायी शाळा सहावीत सुटली, पण चाकू बापानं चांगला शिकवलाय. शेडमध्ये सीडरचा ओंडका पडलेला आहेच.

८ जानेवारी, शनिवार

पुस्तक समोर उघडं ठेवून घडवलं. ज्या ज्या खुणेकडे पुस्तकात बाण दाखवलाय ती ती खूण केली. पोटावर आडव्या बारीक रेघा. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना जाड काळी चौकट. कपाळावर पांढरे ठिपके. लांब निमुळतं शेपूट. रेघा ओढताना हात थरथरला, पण त्यानं उलट पिसांसारखंच झालं!

डोळे पिवळे हवेत. पिवळा रंग घरात नाही. लेम्पीनं स्वयंपाकघराच्या फळ्यांना लावलेला तपकिरी होता डब्याच्या तळाशी. तोच लावला. आधी वाईट वाटलं, मग गंमत वाटली. राहू देत तपकिरी. जो नीट पाहील त्याला लगेच कळेल. न कळलं तर चूक पाहणाऱ्याची. माझी कशी?

सौनाच्या वाफेत बसून एकटाच हसलो. मग वाटलं, छातीत काहीतरी होतंय. हसण्यानंच असेल.

९ जानेवारी, रविवार

झालं!

बर्निस मेथडिस्ट चर्चला गेली आणि मी बर्फाचे जोडे घालून दलदलीत शिरलो. छपरावरचं बर्फ ओढायचा लांब दांडा बरोबर, इथे घरोघरी असतो तो. त्याच्या टोकाला पक्षी अडकवला आणि शेंड्याच्या तुटक्या टोकावर, बुडातल्या खिळ्यानं टोचून बसवला. वारा आला की थोडा फिरतो. रस्त्यावर येऊन पाहिलं आणि क्षणभर मीच फसलो. इतका खरा!

फक्त माझ्या पावलांचा माग रस्त्यापासून झाडापर्यंत सरळ दिसतोय. आंधळ्यालाही दिसेल. हे आधी का सुचलं नाही?

१० जानेवारी, सोमवार

रात्रीपासून बर्फाचं वादळ. माग बुजला असणार, देवाची कृपा. रस्ता साफ करणारी गाडी संध्याकाळपर्यंत आलीच नाही. दिवसभर घरात अडकलो. पक्षी पडला असेल का? बर्निसचं घर झाडाला लागून, ती काय, स्कीवरून कुठेही जाईल. फोन वाजला नाही. दोनदा उचलून पाहिला, चालू आहे.

११ जानेवारी, मंगळवार

सकाळी फोन.

“टाउनो, बसला आहेस का? बस आधी. ससाणा-घुबड! माझ्या दारात!”

मी म्हणालो, “खरंच?” आवाज चिरका निघाला.

“सगळ्या खुणा पाहिल्या. थोडं जवळही जाऊन आले, माझेच ठसे आहेत तिथे, कोणाचे म्हणून शोधत बसू नकोस. चौकट, ठिपके, रेघा. आणि डोळे काय सुंदर, टाउनो! पिवळेधमक!”

फोन ठेवला आणि टेबलावर हात आपटून हसलो. पिवळेधमक म्हणे! पुस्तकात आहेत म्हणून हिला झाडावर दिसले!

गुरुवार कधी येतोय.

१२ जानेवारी, बुधवार

हे ठरलं नव्हतं. क्लिफर्डनं मिलवॉकीच्या टेपवाल्यांना कळवलं. नंबर फिरवला की ती टेप दुर्मिळ पक्षी कुठे बसलाय ते सांगते, आणि वेडी माणसं गाडी काढून निघतात. आज दलदलीच्या रस्त्यावर विस्कॉन्सिनच्या दोन गाड्या. एका माणसाची दाढी गोठून पांढरी झालेली. माझे हात हातात घेऊन म्हणाला, “आजोबा, रात्रभर गाडी चालवली. डोळ्यांचं पारणं फिटलं.”

मी म्हणालो, “गरम काहीतरी घ्या.” आणखी काय म्हणणार?

उद्या सांगून टाकतो. हसतील, संपेल.

१३ जानेवारी, गुरुवार

नाही सांगितलं. आता सांगताच येणार नाही!

मी घसा खाकरला होता. “बर्निस, तुझ्या घुबडाच्या…” इथवर आलोही होतो. तेवढ्यात क्लिफर्ड खुर्ची फिरवून म्हणाला, “अरे हो, विसरलोच. शनिवारी बावीसला डॉक्टर व्हिटकम येतायत, खालून विद्यापीठातून. आपल्या जिल्ह्याच्या पक्ष्यांचं नवं पुस्तक निघतंय. जुन्या नोंदी तपासणार. एक-दोघांनीच पाहिलेल्या सगळ्या.” आणि माझ्याकडे बघून, “टाउनो, तुझा हस्तिदंती कुरवसुद्धा.”

मी बशी खाली ठेवली.

बर्निस म्हणाली, “माझ्या घुबडाच्या काय रे? बोल की.”

“घुबडाच्या… नशिबानं थंडी बरी आहे.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाहेर पारा नळीच्या तळाला गेलेला.

१४ जानेवारी, शुक्रवार

सबंध दिवस तोच विचार. इथे लिहितो म्हणजे डोक्यातून जाईल.

एकसष्ट सालचा मार्च. मी आणि लेम्पी लाकूडगोदीवर. बर्फाच्या कडेला एक कुरव, सी-गल म्हणतात तो, एकूणएक पीस पांढरं. उत्तर ध्रुवाकडचा पक्षी, इथे येतच नाही. मेलेल्या माशाला टोचत होता. आम्ही दोघंच. कॅमेरा नाही. जिल्ह्याच्या पुस्तकात एक ओळ छापून आली: हस्तिदंती कुरव, एक, टाउनो आणि लेम्पी किविनिएमी यांनी पाहिला. छापलेलं लेम्पीचं नाव जगात तेवढं एकच. थडग्यावरचं आहे, पण ते कोरलेलं.

या लोकांचा एक कायदा आहे, कुठे लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. ज्यानं एक खोटा पक्षी सांगितला त्याचे सगळे पक्षी खोटे. आधीचेसुद्धा.

म्हणजे ते लाकूड पकडलं गेलं तर कुरव गेला, आणि कुरवाबरोबर लेम्पीची ओळ. एका भुवईच्या रागापायी हे कसं केलं मी?

पक्षी काढायलाच हवा. उद्याच.

१५ जानेवारी, शनिवार

काढता आला नाही. रस्त्यावर सात गाड्या. आणि बर्निस! रस्त्याच्या कडेनं खुंट ठोकून दोर ओढतेय. खुंटांना पिवळा रंग, तिच्या टपालपेटीला दर उन्हाळ्यात लावते तोच. हातमोजासुद्धा पिवळा करून घेतलाय.

“दोराच्या पलीकडे कोणीही जायचं नाही! पक्ष्याला त्रास होतो. रस्त्याखालच्या मोरीच्या पुढे एक पाऊल टाकलंत तर माझ्याशी गाठ!”

शिकागोची एक बाई म्हणाली, अजून थोडं जवळून बघू का? बर्निसनं तिच्याकडे असं पाहिलं की ती बाई गाडीतच जाऊन बसली.

हुकूम सोडायची हौस जुनीच आहे तिची. पण आज पहिल्यांदा बरं वाटलं. लांबून तरी लाकूड दिसणार नाही. मी हळूच दांडा घेऊन आलो होतो. तो पाहून म्हणते, “हा कशाला आणलास? इथे छप्पर कुठे आहे?”

“चुकून गाडीत राहिला.”

“गाडीच्या टपावर बांधलेला दांडा चुकून राहतो?”

घरी आलो.

१६ जानेवारी, रविवार

शिकागोची बाई जाताना क्लिफर्डला सांगून गेली: “मी त्याला मान वळवताना पाहिलं. सरळ माझ्याकडे बघितलं त्यानं.” वारा होता तो, बाई!

दाढीवाल्यानं तर लिहूनही पाठवलंय म्हणे, एकदा पंख अर्धवट उघडून मिटले. माझ्या पक्ष्याला पंखच नाहीत. नुसत्या रेघा आहेत.

हे सगळे लोक माझ्या बाजाला हसले असते.

१७ जानेवारी, सोमवार

उजाडायच्या सुमारास गेलो. म्हटलं, आज कोण असणार. दांडा या वेळी घोंगडीत गुंडाळला होता.

मोरीपाशी बर्निसचा ट्रक. आत बर्निस, मांडीवर थर्मास.

“तूही लवकर? ये, बस. मी ठरवलंय, हा उडेपर्यंत इथून हलायचं नाही.”

माझा चेहरा उतरला असणार, कारण ती म्हणाली, “काय झालं? पोटात दुखतंय का?”

“थंडी.”

तिनं कॉफी दिली. वेलचीचा पावही दिला. कॉर्निश बाईनं केलेला फिनिश पाव, दगडासारखा. मी मुकाट्यानं खाल्ला. तिची मोठी दुर्बीण खिडकीच्या काचेवर बसवलेली होती.

“बघ ना. डोळे बघ त्याचे.”

पाहिलं. थंडीनं माझ्या डोळ्याला पाणी येत होतं, भिंगावर दव. तरी दिसले. तपकिरी. मीच लावलेला रंग, तो मला नाही दिसणार?

“काय रंग?” बर्निसनं विचारलं.

आता काय बोलणार! तपकिरी म्हटलं तर ती परत बघेल, आणि मग कळेलच. “पिवळे,” मी म्हणालो.

“अगदी पिवळे ना?”

“पिवळेधमक.”

ती बराच वेळ खिडकीबाहेर तोंड करून बसली. खांदे हलत होते. खोकला असावा.

१८ जानेवारी, मंगळवार

ती तिथेच आहे.

१९ जानेवारी, बुधवार

आजही! पाच वेळा गाडी नेली. प्रत्येक वेळी हात हलवते.

पेपरात फोटो आलाय, पहिल्या पानावर. काळापांढरा, धुक्यातला, पण घुबड ते घुबडच. खाली: ‘आमचा थंडीचा पाहुणा.’ डोक्यावर बर्फाची टोपी चढलीय आणि पाहुण्यानं ती झटकलेली नाही. हे कोणाच्या लक्षात कसं येत नाही? दुकानात क्लिफर्डनं फोटो आरशाला चिकटवला आणि म्हणाला, “काय सहनशक्ती आहे बघ!”

२० जानेवारी, गुरुवार

आज निराळीच काळजी लागलीय.

बर्निसचे डोळे! ती काही शिकागोची बाई नाही. तीस यार्डांवरून छोट्या सुतारपक्ष्याची चोच मोठ्या सुतारपक्ष्याच्या चोचीपेक्षा किती आखूड ते सांगणारी बाई. तिला तपकिरी डोळे पिवळे दिसतात? दहा दिवस समोर बसून? मोतीबिंदू असेल. की त्याहून वाईट? लेम्पीलाही शेवटी रंग ओळखू यायचे नाहीत, लाल मोजा आणि हिरवा मोजा घालून बसायची.

मी त्या बाईची खोडी काढली आणि तिची नजर गेलेली निघाली. हसायची चोरी झाली. आता तिला डॉक्टरकडे जा कसं सांगू? का म्हणून सांगू? “तुला लाकूड ओळखता आलं नाही, सबब डोळे तपास?”

गुरुवारची कॉफी आज मंडळींनी तिच्या ट्रकपाशीच घेतली. तिच्या बशीत पाव नीट ठेवला, हाताला लागेल असा. ती म्हणाली, “हे काय रे? मी आंधळी आहे का?”

मला रडूच यायला लागलं.

२१ जानेवारी, शुक्रवार

ठरवलं. उद्या सभेत उभा राहून सांगणार. घुबड माझं, कुरव मात्र खरा. ऐकणार नाहीत. पण तिला बिचारीला सगळ्यांपुढे डॉक्टर व्हिटकमनं उघडं पाडण्यापेक्षा मी पडलेला बरा.

लेम्पी, तुझी ओळ जाईल. काय करू सांग.

२२ जानेवारी, शनिवार

आजचं सगळं आजच लिहून काढतो.

डॉक्टर व्हिटकम सकाळीच आले. उंच, हसतमुख माणूस, पायात शहरी बूट. बर्निस त्यांना आपल्या ट्रकमधून घुबड दाखवायला घेऊन गेली. ट्रकचा हीटर नेमका आज बिघडला म्हणे. मिनिटभर पाहून डॉक्टर परत आले ते कुडकुडत, पण खूश. “नमुनेदार! पुस्तकातून उचलून ठेवल्यासारखा!”

दुपारी तळघरात सभा. सगळे आले. क्लिफर्डनं सुरुवातच घुबडापासून केली. “नोंद बर्निस ट्रेथवी यांच्या नावावर. कोणाची हरकत?”

उठणार, तेवढ्यात बर्निसच म्हणाली, “माझी आहे.”

मग ती व्हिटकमकडे वळली.

“डॉक्टर, तुम्ही त्याला उडताना पाहिलंत?”

“नाही.”

“हलताना?”

डॉक्टरांनी चष्मा पुसला. “हलला… असेल.”

“‘असेल’ नावाची खूण पुस्तकात नाही.”

तळघर हसलं. डॉक्टरच सगळ्यांत जास्त हसले, पुसलेला चष्मा पुन्हा पुसावा लागला त्यांना.

बर्निस हसली नाही. म्हणाली, “बारा दिवस मी त्याच्यासमोर बसले. एकदाही उडाला नाही. उडताना पाहिल्याशिवाय मी माझ्या नावावर घुबड लावून घेत नाही. खोडा.”

क्लिफर्ड हबकला. “अगं, सगळ्या खुणा जुळतात! मग आम्ही सगळ्यांनी पाहिलं ते काय?”

“पुस्तक पाहिलंत तुम्ही.”

तीस वर्षं वाट पाहिलेला पक्षी. स्वतःच्या तोंडानं कापला. क्लिफर्डची पेन्सिलच चालेना, तिनंच हातातून घेऊन रेघ मारली. माझ्या छातीवरचा दगड उतरला आणि लगेच दुसरा चढला. कारण आता पुढची नोंद होती, आणि जी बाई आपल्या घुबडाला सोडत नाही ती माझ्या कुरवाला काय सोडणार!

डॉक्टरांनी वाचलं. “हस्तिदंती कुरव, एकसष्ट. पाहणारे नवरा-बायको. फोटो नाही. तिसरा साक्षीदार नाही.” मान वर करून मला म्हणाले, अगदी मऊ आवाजात, “किविनिएमी, तुम्ही खोटं बोललात असं मी म्हणत नाही. पण पांढरे कुरव आणखीही असतात. फिकट पडलेले. कोणाचीही चूक होऊ शकते.”

मी उठलो. “डॉक्टर, मला आधी एक सांगायचंय…”

“बस खाली, टाउनो,” बर्निस म्हणाली.

“पण मला…”

“बस म्हटलं ना! आयुष्यात एकदा तरी गप्प बस.”

बसलो.

ती उभी राहिली. कोटाच्या खिशात हात घालून, दुकानात गल्ल्यामागे उभी राहायची तशी. “त्या सकाळी लेम्पी धावत माझ्या दुकानात आली. गोदीवरून सरळ. मोजे ओले. म्हणाली, ‘बर्निस, असा पांढरा कुरव मी जन्मात पाहिला नाही, आणि पाय बघशील तर काळे कुळकुळीत, जसा काही चुलीत उभा राहून आलाय!’ मी तिला म्हटलं, काळ्या पायांचा पांढरा कुरव नसतोच, डोकं फिरलंय तुझं. ती भांडली माझ्याशी. तेव्हा गावात पक्ष्यांचं चांगलं पुस्तक एकच होतं, ते माझ्या गल्ल्याखाली. ती गेल्यावर मी काढून पाहिलं. पाय काळे.”

तिनं डॉक्टरांकडे मोहरा वळवला.

“फिकट कुरवाचे पाय गुलाबी असतात, डॉक्टर. लेम्पीला पुस्तकातलं काही ठाऊक नव्हतं. तिला बाण कुठे दाखवायचा असतो तेच ठाऊक नव्हतं. तिनं नुसतं पाहिलं.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “हे तुम्ही इतक्या वर्षांत कोणाला सांगितलं का नाहीत?”

“कोणी विचारलं का नाही?”

मग डॉक्टर सगळ्यांकडे बघून म्हणाले, “ज्या बाईनं आत्ता स्वतःचं घुबड खोडलं तिच्या शब्दावर मी हा कुरव ठेवतो. नावांसकट.”

नावांसकट!

नंतर पेस्टी वाढल्या. मी बर्निसजवळ गेलो. आभार मानायचे होते, तिच्या डोळ्यांचा विषयही काढायचा होता. ती माझी पेस्टी फोडून आत बघत होती.

“गाजर,” ती म्हणाली. “लाज नाही तुम्हा लोकांना.”

“बर्निस, तू… एकदा डोळे तपासून घे ना. सहज. मी गाडीनं नेतो.”

तिनं माझ्याकडे बघितलं आणि जे हसायला लागली ते थांबेचना. क्लिफर्डनं पाणी आणून दिलं.

मला काही कळलं नाही. दुःखानंही माणूस हसतं.

२३ जानेवारी, रविवार

मेथडिस्टांची घंटा झाली आणि दलदलीत गेलो. रस्त्यावर एक गाडी नाही. यादीतून गेलेला पक्षी बघायला कोण येणार! दांड्यानं शेंडा चाचपला, पक्षी सुटून माझ्या पायाशी बर्फात पडला. उचलला. तोंडावरचं बर्फ पुसलं.

डोळे पिवळे.

जाड रंग, दोन्ही डोळ्यांना, कडेनं नीट काळी रेघ ओढलेली. एक ओघळ गालावर येऊन वाळलेला. बर्निसच्या टपालपेटीचा पिवळा. आणि ओघळाच्या वर, काळ्या चौकटीच्या आत, बारीक कुंचल्यानं काढलेली एक पांढरी भुवई. ससाणा-घुबडाला नसते, बाजाला असते तशी.